एका मुठीसाठी अडलेली नागली

त्या पाड्यानं माझं जे नुकसान केलं ते मी अजून विसरलेलो नाही. विसरावं असं वाटतही नाही. जव्हारच्या बाजारात कुणाशी हा विषय निघाला की लोक मला समजावतात, जाऊ द्या हो, साधी माणसं आहेत. साधी? मी दलालांशी भांडलोय, गिरणीवाल्यांशी भांडलोय, वजनकाट्याखाली बोट लावणाऱ्यांची बोटं धरलीत. त्यातल्या कुणीही मला इतकं अडवलं नाही. दलाल अडवतो तेव्हा त्याला काहीतरी हवं असतं. ते दिलं की तो बाजूला सरकतो. ह्यांना माझ्याकडून काही नकोच होतं.

मी काही बाहेरचा माणूस नाही. मोखाड्याच्याच एका पाड्यावर जन्मलो. आश्रमशाळेत आठवीपर्यंत शिकलो आणि मग जव्हारच्या एसटी स्टँडवर पानाच्या द्रोणात करवंदं विकायला बसलो. उतारू खिडकीतून हात काढून द्रोण घ्यायचे आणि गाडी सुटेपर्यंत भाव पाडत राहायचे. गाडी हलली की द्यावंच लागायचं. तेव्हापासून मला कळलं की समोरच्याला घाई असेल तेव्हा आपल्याला घाई नसावी. एवढ्या एका गोष्टीवर मी हिरडा घेतला, मोह घेतला, चिंच घेतली, जव्हारला स्वतःचं दुकान केलं आणि एक जुनी पिकअप घेतली. मला कुणी काही दिलेलं नाही. डोकं लवकर तापतं हे खरं आहे, पण तापलेलं डोकं पाहून लोक भाव लवकर ठरवतात, हेही खरं आहे.

त्या वर्षी दिवाळीनंतर नाशिकच्या एका दुकानदाराचा फोन आला. डाळी, कडधान्यं, गूळ, असलं सगळं चकाचक पिशव्यांत भरून विकणारा माणूस. दुसरं दुकान उघडत होता. त्याला नागली हवी होती. शहरात तिला नाचणी म्हणतात आणि औषधासारखी खातात. म्हणाला, "उद्घाटनाला एक अख्खी मांडणी तुमच्या मालाची करतो. पण नवी हवी हं. ह्याच हंगामातली. मुहूर्ताच्या दिवशी माल माझ्या दारात पाहिजे."

हे माझ्या दृष्टीनं काय होतं ते सांगायला हवं. तोपर्यंत माझा सगळा माल दलालामार्फत जायचा. मी डोंगर चढून पोती गोळा करायची, आणि पंख्याखाली बसून फोन फिरवणाऱ्यानं माझ्याहून जास्त कमवायचं. ही मांडणी मिळाली असती तर मधला माणूस गेला असता. एका मांडणीवर माल चालला की दुसरी मिळते. मी बायकोला त्याच संध्याकाळी सांगितलं, आता दलालाला दारातसुद्धा उभा करणार नाही.

चांगली नागली कुठं आहे हे मला ठाऊक होतं. पोशेऱ्याच्या पुढे, गाडीरस्ता संपतो तिथून थोडं वर, उतारावर एक पाडा आहे. तिथली नागली काळपट लाल, भरीव दाण्याची. दर वर्षी मी तिथूनच उचलायचो, पण पौषात, सावकाश. ह्या वेळी लवकर गेलो. पाड्यावर पाहतो तर काम उरकलेलं. खळी शेणानं सारवून रिकामी पडलेली, दाणे कणग्यांत गेलेले आणि कणग्यांची तोंडं लिंपून टाकलेली. माझं काम झालंच म्हणून मी खाटेवर बसलो. पहिल्याच घरच्या माणसानं काळा चहा दिला.

"कणगी उघड," मी म्हणालो. "ह्या वेळी भाव चढा देतो."

तो हसला. "आता नाय शेठ. नवं नाय झालं आजून."

नवं म्हणजे नव्या धान्याची पूजा. ती झाल्याशिवाय नवं धान्य खायचं नाही, विकायचं नाही. हे मलाही माहीत होतं. माझ्या पाड्यावरही होतं.

"मग करा की. सगळ्यांचं आलंय ना घरात?"

"सगळ्यांचं नाय." त्यानं हनुवटीनं वरच्या उताराकडे दाखवलं. तिथं एक नागलीचं शेत अजून उभं होतं आणि त्यात एक पाठ वाकलेली दिसत होती. "म्हातारीचं बाकी हाय."

मी भाव आणखी चढवला. तो अवघडला आणि अजून चहा आणायला आत गेला. पुढच्या घरी गेलो, तिथंही चहा. त्याच्या पुढच्या घरी चहासोबत उकडलेले कंद. सगळे गोड बोलत होते, सगळे माझ्या पोराबाळांची चौकशी करत होते आणि कणगीचा विषय काढला की सगळे उताराकडे बघत होते. घासाघीस करून माझा घसा दुखतो तेवढं त्या दिवशी चहा पिऊन पोट दुखलं.

शेवटी भगताकडे गेलो. गावदेवाची पूजा तोच करतो. माझ्याच वयाचा, शांत, बिडी ओढत ओढत ऐकून घेणारा माणूस. त्यानं मला रीत समजावली, जणू मी मुंबईहून आलो होतो. पूजेला प्रत्येक घरून एक मूठ नवं धान्य यायचं. त्या सगळ्या मुठी एकत्र दळायच्या, शिजवायच्या, देवाला दाखवायच्या आणि मग सगळ्यांनी मिळून खायच्या. एक मूठ कमी असली तर पूजा नाही.

"म्हणजे एका मुठीसाठी अख्खा पाडा अडलाय?"

"अडला काहाला? जुनं हाय, रेशनचं हाय. उपाशी कोण नाय."

"अरे मी अडलोय ना!"

"तुमी तर आता चहा प्यालात," भगत म्हणाला.

मी आवाज खाली आणला. मला वाटतं तशी युक्ती कुणीही सुचवली असती. म्हणालो, "हे बघ, तुझ्या कणगीतून दोन मुठी काढ. एक तुझी, एक तिची. नागली ती नागलीच. देवाला काय कळणार आहे?"

त्यानं बिडीचा एक झुरका घेतला. "देवाला कळंल का नाय, मला ठाव नाय. म्हातारीला कळंल ना."

मग मी तिच्याकडे गेलो.

ती विळ्यानं कणसं कापत होती. एक गुडघा सुजलेला, त्यावर कसला तरी पाला फडक्यानं बांधलेला. चार कणसं कापायची, थांबायची, काठीवर रेलायची, पुन्हा चार कणसं. शेत तिच्यापुढे पसरलं होतं आणि ती त्याच्या कोपऱ्यात होती. मुलगा आणि सून पावसाळा सरता सरता भिवंडीकडे कामाला गेले होते. दिवाळीला येतो म्हणाले होते, मुकादमानं सोडलं नाही.

"आजी," मी म्हणालो, "असं कापत राहिलात तर होळी येईल."

"तुला काय शिमग्याची घाई?" मान वर न करता तिनं विचारलं.

"पाडा मदतीला येत नाही का?"

आता तिनं मान वर केली. "येतात की. रोज येतात इचाराया. मीच नको म्हणलं."

तिचं म्हणणं असं होतं. शेतीचं काम तिकडे सावडीनं चालतं. आज तुम्ही माझ्या शेतात, उद्या मी तुमच्या. तिच्या घरचे दिवस तिचा मुलगा फेडायचा. यंदा मुलगा नाही आणि गुडघ्यामुळे ती कुणाच्या बांधावर चढू शकत नाही. मग घेतलेले दिवस फेडायचे कुणी?

"नका फेडू. ते काय मागणार आहेत?"

तिनं विळा थांबवला. "न फेडता कापून घेतात ते कोणाच्या घरी, तुला ठाव नाय?"

ठाऊक होतं. बोलून गेल्यावर आठवलं. ज्या घरात माणूस गेलं असेल, त्या वर्षी त्या घरचं शेत गाव असंच कापून देतं. परतफेड नाही, काही नाही. सगळे येतात, न बोलता कापतात आणि जातात.

"माझा पोर भिवंडीला हाय," ती म्हणाली. "जिता हाय. फोन येतो त्याचा." आणि पुन्हा खाली वाकून कापायला लागली.

ती न फेडता घेणार नाही. पाडा तिच्याशिवाय खाणार नाही. ती मान ताठ ठेवणार, हे मान खाली घालून थांबणार, आणि मधल्या मध्ये मुहूर्त माझा जाणार. एकमेकांचा इतका विचार करणाऱ्या माणसांना तिसऱ्याचा विचार शिवतसुद्धा नाही, ह्याचा मला त्या बांधावर उभ्या उभ्या जो संताप आला तो सांगता येत नाही. मी एका ढेकळाला लाथ मारली. तो दगड निघाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मोखाड्याच्या नाक्यावरून मजूर घेतले आणि पिकअपमध्ये घालून वर नेले. रोख मजुरी, माझ्या खिशातून. शेत दुपारपर्यंत साफ झालं असतं. मजूर विळे घेऊन शेतात उतरले तशी म्हातारी बांधावर येऊन बसली.

"हे कोण?"

"माझे मजूर. मी पैसे दिलेत. तुमचा काही संबंध नाही."

"शेत माझं आन संबंध नाय?" ती मजुरांकडे वळली. "कोणच्या गावचे रे तुमी?"

त्यांनी गावं सांगितली. सगळी आसपासचीच. एकाच्या आईचं माहेर तिच्या ओळखीचं निघालं. मग म्हातारीनं त्यांना अगदी मायेनं विचारलं, "माझ्या घरात कोण गेलं म्हणून कापाया आलात बाबांनो?"

एकानं लगेच विळा खाली ठेवला. दुसरा माझ्याकडे बघायला लागला.

"अरे मजुरी घेतलीय ना तुम्ही!" मी ओरडलो.

"दादा, आसं नको," मोठा होता तो म्हणाला. "तिचा पोर बाहेर हाय. आमचे पण बाहेर हायेत."

त्यांनी मजुरी परत केली. तेही मला झोंबलं. भांडले असते, अर्धी तरी ठेवून घेतली असती, तर मला काहीतरी बोलता आलं असतं. पैसे परत केले, म्हातारीच्या दारात बसून भाकरी खाल्ली आणि पुन्हा पिकअपमध्ये बसून खाली आले. डिझेल माझं.

घरी आल्यावर मी जेवलो नाही. बायको म्हणाली, दुसऱ्या पाड्यावर बघा. मी म्हणालो, दुसऱ्या पाड्यांवरची चांगली नागली दलालाची माणसं आधीच सांगून बसलीत. मग ती म्हणाली, "तुमची आई काय करायची? तिच्याकडे तरी कुठं माणसं होती?" आणि ती भांडी घासायला गेली.

माझी आई काय करायची ते मला पक्कं आठवत होतं. बाप कायम बाहेर कामाला. आई शेजारणीच्या शेतात लावणीला जायची. शेजारीण आमच्याकडे स्वतः यायची नाही, तिला एक दिवस देणं असलेल्या तिसऱ्या कुणाला पाठवायची. सावडीचा दिवस असा वळवता येतो. कुणाचं कुणाकडे, शेवटी सगळं जुळतं. मी खाटेवर उठून बसलो. अख्खा पाडा जर मला दिवस देणं लागला, तर ते दिवस मी कुठंही वळवू शकत होतो. म्हातारीच्या शेतात वळवले तर ती पाड्याचं काही लागत नव्हती. फक्त माझं लागत होती. आणि माझे दिवस फेडायला तिला बांध चढायची गरज नव्हती.

सकाळी वर जाऊन भगतापुढे हे मांडलं. पाड्यावर प्रत्येकाचं काही ना काही खाली मोखाड्यात अडलेलं असतंच. कुणाचे छपराचे पत्रे, कुणाची खताची गोणी, कुणाला आजारी सासूला दवाखान्यात न्यायचं. म्हणालो, "एक फेरी मी करतो, त्याचा एक दिवस तुम्ही मला देणं. कबूल?"

भगतानं बराच वेळ विचार केला. आजूबाजूला बसलेल्यांनीही केला. मग तो म्हणाला, "गाडी राबंल. तुमी कुठं राबता?"

"गाडी माझी आहे!"

"गाडीचा दिवस गाडीला फेडू," मागून एक म्हातारा म्हणाला आणि सगळे हसले. "गाडी आमच्या शेतात आली तर तिला भाकर देऊ."

सौदा करायचा नाही म्हणणारी माणसं! तासभर माझ्याशी घासाघीस केली. शेवटी असं ठरलं की माल मी स्वतः चढवायचा, स्वतः उतरवायचा आणि गाडीरस्ता संपतो तिथून ज्याच्या त्याच्या दारापर्यंत मी स्वतः वाहायचा. तरच दिवस धरला जाईल.

मग मी वाहिलं. डोक्यावर चुंबळ ठेवून पत्रे वाहिले. वारा पत्र्याखाली शिरला की मी पत्र्यासकट दरीच्या बाजूला झुकायचो आणि घरातल्या बायका दारात उभ्या राहून म्हणायच्या, "शेठ, जपून, पत्रा वाकंल." खताच्या गोण्या वाहिल्या. सासूबाईंना पाठुंगळी घेऊन खाली आणलं. त्या सगळ्या वाटेनं माझ्या कानात मला किती धाप लागते हे सांगत होत्या. संध्याकाळी बायको पाठीला तेल चोळता चोळता हसत होती. "तुम्ही तर नागली विकत घ्यायला गेला होता ना?"

"हसू नकोस."

"मी कुठं हसतेय?" ती म्हणाली आणि तिला ठसका लागला.

म्हातारीशी शेवटचा व्यवहार बाकी होता. ती पाड्यातल्या प्रत्येकाला समोर उभं करून विचारत होती. "तू कोणाच्या बदल्यात आलास?" तो म्हणायचा, शेठच्या. "मंग तुझं मी काय लागते?" काय नाय. "नक्की?" नक्की. अशी सगळ्यांची खात्री करून घेतली. मग मला म्हणाली, "आता तुझे दिवस. तू शेती करत नायस. तुला मी काय देऊ?"

"बसल्या बसल्या पाखडून द्या. माझ्या मालाला माती फार येते."

"सुपानं पाखडीन. पण मी ठरवीन तेवढं. तू घाई केलेली मला चालायची नाय."

"चालेल."

"आन मला शेठ कोणी नाय. मी तुला नुसतं पोरा म्हणीन."

ह्यात घासाघीस करण्यासारखं काही नव्हतं. मी हो म्हणालो. मग अख्खा पाडा त्या शेतात उतरला आणि मी चहाचा पेला हातात घेऊन बांधावर उभा राहिलो. म्हातारी मधोमध बसून कुणाची कणसं लांब दांडीची येतायत ते सांगत होती. शेत उरकलं. कणसं वाळली. ती वाळेपर्यंत मी रोज आभाळाकडे बघून शिव्या देत होतो, कारण मधेच ढग यायचे. मग बडवणी झाली, आणि मग भगतानं पूजेचा दिवस काढला. तो बरोबर नाशिकच्या मुहूर्ताच्या दुसऱ्या दिवशी आला.

एक दिवस. मी त्याला म्हणालो, एक दिवस अलीकडे घे. तो म्हणाला, त्या दिवशी अमावास्या आहे. मी म्हणालो, नाशिकात त्याच दिवशी दुकान उघडतायत. तो म्हणाला, त्यांचा देव येगळा असंल.

मी दुकानदाराला फोन केला. दोन दिवस थांबा, मांडणी रिकामी ठेवा, माल असा आणतो की बघत राहाल. त्याचा आवाज अगदी गोड होता. "अहो, तुमच्यासाठी थांबलोच असतो हो. पण रिकामी मांडणी बरी दिसत नाही उद्घाटनाला. काल दुसऱ्याकडून घेतली."

"नवी?"

"नवी कुठली मिळायला आत्ता? गेल्या वर्षीची आहे. पिशवीवर नवी लिहिलंय. गिऱ्हाईकाला काय कळणार आहे?"

मी फोन ठेवला. मी भगताला जवळजवळ हेच म्हणालो होतो, हे मला लगेच आठवलं, आणि त्यानं माझा संताप उतरायच्या ऐवजी वाढला. भगतानं माझं ऐकलं असतं तर मांडणी माझी असती. नाशिकवाल्यानं भगतासारखं केलं असतं तरी मांडणी माझीच असती. दोघांनी मला मधेच चेपला. त्या दिवशी दुकानात आलेल्या गिऱ्हाइकांशी मी काय बोललो ते बायकोला विचारा.

पूजेला मी गेलो नाही. त्यानंतरही गेलो नाही. मला काय करायची होती ती नागली? दलालाकडे जायचं तर तो माझ्या तोंडाकडे बघून भाव पाडणार. त्याला दारात उभा करणार नाही हे मी अर्ध्या बाजाराला सांगून ठेवलं होतं. मी मनाशी म्हटलं, पाडा आपला माल कुणालाही विकेल. तेवढ्यात मोखाड्याच्या आठवडे बाजारात पोशेऱ्याच्या फेऱ्या मारणाऱ्या जीपवाल्यानं मला निरोप दिला. "वरच्या पाड्यावरून सांगितलंय, तुमची नागली ठेवलीय, कधी नेता?"

माझी नागली?

मी गाडी काढून वर गेलो, एवढंच सांगायला की ठेवू नका. वाटेत सोबत आलेल्या जीपवाल्याकडून कळलं, दलालाचा माणूस येऊन गेला होता. मी सांगितलेल्या भावाच्याही वर बोलला होता. त्याला चहा मिळाला, कंदही मिळाले. नागली मिळाली नाही.

भगताच्या अंगणात पोती रचलेली होती. त्यांच्या शेजारी म्हातारी पाय लांब करून बसली होती, हातात सूप. सूप उडत होतं, फोल पुढे पडत होतं, दाणा मागे राहत होता. तिनं आधीची पोती सगळी पाखडली होती. सुपातला दाणा असा स्वच्छ होता की माझ्या दुकानात तसा कधी पाहिला नव्हता.

"हे काय?" मी विचारलं.

"तुझे दिवस," ती म्हणाली. "बस पोरा. एवढं शेवटचं."

मी भगताला बाजूला घेतलं. "दलालाचा माणूस माझ्यापेक्षा जास्त देत होता. विकली का नाही?"

"तुमाला सांगितली होती."

"मी परत आलो होतो का? मी पूजेलासुद्धा आलो नाही!"

"आमाला वाटलं पाठ धरली आसंल."

"अरे, नाशिकचं दुकान गेलं. गिऱ्हाईक नाही माझ्याकडे. मी ही नागली घेऊन करू काय? विका त्याला. मी सांगतो, विका."

त्यानं पोत्यांकडे पाहिलं, मग म्हातारीकडे. "ती तुमच्या नावानं पाखडून बसलीय. आता त्याला कशी देऊ?" तो बिडी शोधायला लागला. "नको आसंल तर नका नेऊ. आमी काय म्हणत नाय. पौषात न्या. नायतर नकाच नेऊ."

आणि ते खरंच काही म्हणाले नसते, हे मला ठाऊक होतं. पोती तिथंच राहिली असती. कुणी भांडायला आलं नसतं, कुणी बाजारात माझं नाव काढलं नसतं. म्हातारीनं विचारलंही नसतं. उलट एखाद्यानं माझ्यासाठी चहा ठेवला असता. असल्या माणसांच्या तोंडावर नाही म्हणायचं कसं? दलालाला म्हणता येतं. तो दुसऱ्या दिवशी पुन्हा येतो.

मी पोती मोजायला लागलो. घराघरातले लोक अंगणात जमले.

"भाव बोला," मी म्हणालो. नेहमी मी आधी बोलत नाही. समोरच्यानं आकडा काढला की खरा सौदा सुरू होतो.

सगळे भगताकडे बघायला लागले.

"अरे बोला ना! तो दलाल काय देत होता तुम्हाला? तिथून सुरू करा. मी पाडतो, तुम्ही चढवा."

"तुमी द्याल ते," भगत म्हणाला. बाकीच्यांनी माना हलवल्या. म्हातारी सूप झाडून उभी राहत होती आणि कुणीतरी तिला हात देत होतं.

बाजार मला माहीत होता. नवी नागली आता सगळीकडून यायला लागली होती, भाव उतरला होता. मी उतरलेला भाव सांगितला असता तर तो खोटा नव्हता. त्याहून खाली सांगितला असता तरी त्यांनी माना हलवल्या असत्या. मी एकदा पोत्यांकडे पाहिलं आणि आधी सांगितलेला चढा भाव सांगितला. माझाच आवाज मला परका वाटला. बाजूला उभ्या असलेल्या जीपवाल्यानं भुवया वर केल्या. मला वाटलं, आता तरी एखादा म्हणेल की शेठ, अजून थोडं वाढवा. म्हणजे मला ओरडता आलं असतं. त्यांनी पोती उचलली आणि गाडीपर्यंत वाहून दिली. मी पुढे चालत होतो आणि मागून म्हातारी सांगत होती की पोती आडवी घाला, वळणावर पडतील.